मिस्त्री आणि पडद्यावरची गाडी

श्रीरामपूरला बेलापूर रोडवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आत येताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ आत गेली की मशीन बिघडतं, असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. दारापाशी पंधरा-वीस जोड पडलेले असायचे आणि त्यांच्यापुढे लोखंडी स्टुलावर बसलेला एक म्हातारा माणूस त्यातली एकेक चप्पल उचलून उलटी करून तिचा तळ निरखत असायचा. तिथे शिकवायच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, हा चपला चोरायला आलाय. मी आतून हाक मारून विचारलं, "ओ, काय करताय?"

"बघतोय," तो म्हणाला. "ही निळ्या पट्ट्याची पोरगी कोन? तिला सांगा, उजवा पाय बाहेर टाकती. चाळिशीला गुडघा जाईल तिचा."

ते आमच्या क्लासच्या जागेचे मालक निघाले. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. आमचा क्लास ज्या जागेत होता तिथे पूर्वी त्यांचं गाड्यांची चाकं सरळ करून द्यायचं दुकान होतं. त्याआधी वीस वर्षं ते साखर कारखान्याच्या गॅरेजात होते. जिपा, ट्रॅक्टर, साहेबांच्या गाड्या, सगळ्यांची चाकं त्यांच्या हातून जायची. मग हाताला कंप सुटला. पाना बोल्टावर बसेना. एके दिवशी त्यांनी शटर खाली ओढलं आणि पाटी उतरवली. गाडीखाली उतरायचा खड्डा त्यांनी बुजवला मात्र नाही, वर सागाच्या फळ्या टाकून झाकला. माझं टेबल नेमकं त्या फळ्यांवर होतं. खुर्ची सरकवली की खालून पोकळ आवाज यायचा आणि दाराबाहेरून मिस्त्री म्हणायचे, "सावकाश. खाली माझं दुकान हाय."

माझ्याविषयी एवढं सांगायला हवं की लहानपणी पोलिओ होऊन माझा डावा पाय गेला होता. कंबरेपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर आणि त्याला जोडलेला जाड तळाचा बूट, असा माझा सरंजाम. तो सारखा काढता-घालता येत नसल्यामुळे क्लासमध्ये बुटासकट जायची परवानगी फक्त मला होती. दाराशी ओल्या फडक्यावर बूट पुसायचा आणि आत जायचं. लोक माझ्या पायाकडे बघून न बघितल्यासारखं करत. कोणी फारच मायाळू असलं तर "बिचारी" म्हणून पुटपुटायचं. मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी सरळ खाली वाकून माझा बूट बघितला आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमचा बूट आतल्या अंगानं खातोय."

ज्या गाडीची चाकं वाकडी असतात ती टायर खाते, असं गॅरेजात म्हणतात. मला ते माहीत नव्हतं. मी लाल झाले. "जागा भाड्यानं दिलीत म्हणून वाट्टेल ते बोलू नका," असं काहीतरी बोलले. त्यांना राग आला नाही. "तुमाला न्हाई बोललो. बुटाला बोललो," म्हणाले आणि पुढची चप्पल उचलली.

त्या रात्री घरी, बेलापूरला, मी बूट उलटा करून बघितला. खरंच आतली कड बोटभर झिजली होती. इतकी वर्षं तो बूट घालत होते, पण तो कधी उलटा करून बघावा असं सुचलं नव्हतं.

मिस्त्रींचे असे नाना प्रकार होते. एसटीत बसले की गावाबाहेर पडायच्या आत सांगायचे, मागचं डावं चाक नाखूष आहे. बस थांबली की खाली उतरून टायरवरून हात फिरवायचे, कंडक्टर घंटी मारून मारून दमायचा. घरातला पाट, पलंग, देव्हाऱ्याचा चौरंग, कशालाही डुगडुगायची परवानगी नव्हती. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहत. तिला ते मालकीण म्हणायचे, तोंडावर आणि माघारी. मालकीण मला चहा आणून द्यायची आणि पदरात हसायची. "ह्यांनी माझं शिलाई मशीन सुदिक लावलंय," ती म्हणायची. "पायडल माझ्या टाचेला मोजून. शेजारणीला दिलं तर तिला चालवता येत न्हाई, आन मला दुसऱ्याचं जमत न्हाई. आसा माणूस हाय."

दुपारी एक ते चार क्लासला बॅच नसायची. लाइट असली तर मी मशीनवर बसायची. क्लासचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, पुण्याहून एका सीडीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेऊन आले होते. मुलांना कॉम्प्युटरची गोडी लागावी म्हणून. गोडी मला लागली. ज्या पायानं मी जन्मात कधी क्लच दाबणार नव्हते त्याची तिथे गरजच नव्हती. बाणाची चार बटणं आणि पुढे रस्ता. मी कोणी बघत नसताना खेळायची आणि पावलं वाजली की पडदा बंद करायची.

मिस्त्रींच्या पावलांचा आवाज व्हायचा नाही. एके दुपारी मागून आवाज आला, "ही गाडी वळनावर तोंड का वळवत न्हाई?"

मी दचकून गाडी कठड्याला घातली. म्हटलं, "मला नीट येत नाही अजून."

"तुमचं काय न्हाई. गाडीचंच हाय. पुढं जोर दिलाय, मागं हात राखलाय." त्यांनी स्टूल ओढून माझ्या शेजारी मांडलं. फळ्या पोकळ वाजल्या. "हिचं बॉनेट उघडतं का?"

बॉनेट उघडत नव्हतं, पण एक पान उघडत होतं. मी तिथे कधी थांबायची नाही, एंटर मारून पुढे जायची. त्या पानावर गाडीची चाकं कशी बसवायची ते आकड्यांत लिहिलेलं होतं. मी इंग्रजी शब्द वाचून दाखवले. स्प्रिंग, डॅम्पर, कॅम्बर, टो. दर शब्दाला ते मान हलवत. टो म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की फेंगडी आहेत ते. कॅम्बर म्हणजे चाक वरच्या अंगानं किती आत कललंय ते. मी एक शब्द वाचला की ते हातानं चाक करून दाखवायचे. हात थरथरत असल्यामुळे ते चाक सतत चालू असल्यासारखं दिसायचं.

"आन ह्ये खाली काय लिवलंय?"

"डिफॉल्ट."

"म्हंजी?"

"म्हणजे कंपनीनं आधीच ठरवून दिलेलं. आपण कशाला हात लावला नाही तर हेच राहतं."

त्यांनी एकेक आकडा मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "ज्यानं हे लावलंय तो भला मानूस हाय. भित्रा, पन भला. गाडी कुनाच्या हातात जानार ते त्याला ठाऊक न्हाई. म्हनून आशी लावली की कुनी पलटी खाऊन मरू नये." आणि लगेच, "ह्या गाडीत बसलेल्या मानसाचं वजन किती धरलंय?"

मी सगळी पानं शोधली. वजनाचा आकडा कुठेच नव्हता. म्हटलं, "मिस्त्री, आत कोणीच बसलेलं नाही. नुसतं चित्र आहे ते."

"मंग लावलंय कुनासाठी?" ते खरोखर दुखावल्यासारखे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शाळकरी वही आणि पेन्सिल घेऊन आले. त्यानंतर चार-पाच महिने आमच्या दुपारी तशाच गेल्या. आकडा ते सांगायचे, मी भरायची, मग मी चालवायची. ते पडद्याकडे बघायचे नाहीत. डोळे मिटून टायरचा आवाज ऐकायचे. त्या डबड्यासारख्या स्पीकरमधून येणाऱ्या किंकाळीत त्यांना काय काय कळायचं देव जाणे. "आता पुढलं उजवं रडलं," म्हणायचे. "अर्धा डिगरी काढ." वहीत आकडा मीच लिहायची, कारण त्यांनी लिहिलेला त्यांनाच वाचता येत नसे. तुम्हीची तू कधी झाले ते मला कळलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी पुढची स्प्रिंग नरम केली, मागची कडक केली, आणि पहिल्याच वळणावर गाडीची भिंगरी झाली. मी घाबरून हात उचलले. मिस्त्री स्टुलावरून उठले. "आता जित्ती झाली!" म्हणाले. मालकीण काय झालं म्हणून आतून धावत आली. मग आठवडाभर ते गाडीला थोडं थोडं शांत करत राहिले. शेवटी गाडी अशी झाली की मी नुसतं वळणाकडे बघायची आणि ती वळायची. संध्याकाळच्या बॅचचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा ती चालवायला बसला, तर तीनदा कठड्यावर गेला. "काय बिघडवून ठेवलंय मॅडम हे," म्हणाला. पण मालकिणीचं शिलाई मशीन मला त्या दिवशी कळलं.

मी बेलापूरहून श्रीरामपूरला मोपेडवर येत असे. मागे दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं वेल्डिंग करून लावलेली. ती गाडी सारखी डावीकडे ओढायची. मला वाटायचं, अशा गाड्या ओढतातच. संध्याकाळी घरी गेल्यावर उजवा खांदा दुखायचा, आई बाम चोळायची. जानेवारीतल्या एका सकाळी समोरून उसाची ट्रॉली आली, मी रस्त्याच्या कडेला घेतलं आणि मोपेडनं जो डावीकडे ओढा घेतला तो मला आवरलाच नाही. बाजूच्या चारीत, म्हणजे पाटाच्या पाण्याच्या चरात, गेले. फार लागलं नाही. कोपर फुटलं, कॅलिपरची एक पट्टी वाकली. उसाच्या ट्रॉलीवरच्या माणसांनी उतरून मला उचललं, मोपेड वर काढली.

घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे सांगितलं, "बस झालं आता." ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्याशी भांडताही यायचं नाही. "नोकरीची गरज नाही आपल्याला. घरी चार मुलांच्या शिकवण्या घे." एसटीची पायरी मला चढवत नव्हती, कोणीतरी खाली उभं राहून उचलावं लागायचं. मोपेड गेली म्हणजे सगळंच गेलं. पाच दिवस मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत होते. तेवीस वर्षांची होते. पुढची सगळी वर्षं त्या आढ्यासारखी सपाट दिसत होती.

सहाव्या दिवशी दुपारी मिस्त्री आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. अण्णांना त्यांनी वाकून नमस्कार केला, "गुरुजी" म्हणाले आणि बसायच्या आधी विचारलं, "गाडी कुठं हाय?"

मोपेड अंगणात भिंतीला टेकवलेली होती. ते तिच्याभोवती दोनदा फिरले. पिशवीतून दोरी काढली, गवंडी वापरतात तशी. एक टोक मागच्या चाकाला धरून पुढे ताणली. हात इतका हलत होता की दोरी गुणगुणत होती. अण्णा उठून गेले आणि त्यांनी काही न बोलता दुसरं टोक धरलं. मी दारातून बघत होते.

"गुरुजी, हे डावं चाक बगा. बाहेर तोंड करून बसलंय. वेल्डरनं मोकळ्या फरशीवर लावलं. कुनी बसलेलं नव्हतं वर."

"मिस्त्री, चाकाचं ठीक आहे," अण्णा म्हणाले. "उद्या दुसरं काही होईल. मला मुलीची काळजी वाटते."

"वाटनारच. न वाटून कसं चालंल?" मिस्त्री खाली बसले. थोडा वेळ दोरी गुंडाळत राहिले. "पन गुरुजी, ती पडली न्हाई. तिला पाडलं. लई येगळं हाय ते. गाडी लावनाऱ्याला वाटलं, कुनीबी चालवील. ही कुनीबी न्हाई. हिचा डावा पाय हलका हाय, लोखंड धरून सुदिक हलका. सगळा भार उजव्या अंगाला जातो. मी चार म्हैने हिला गाडी चालवताना बगतोय."

"कुठली गाडी?" अण्णांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "हाय एक," ते म्हणाले. "तिच्याएवढा हलका हात मी कारखान्याच्या ड्रायव्हरांत बगितला न्हाई. मला आठ दिस द्या. नंतर तुमी म्हनाल तसं."

अण्णांनी आठ दिवस दिले.

टेम्पोत घालून मोपेड क्लासमागच्या अंगणात आणली. तिथे मला कळलं की काम मिस्त्री करणार नाहीत, मी करणार आहे. "माझा हात न्हाई चालत. तुझा चालतो," ते म्हणाले आणि त्यांनी पाना माझ्याकडे दिला. अंगणात पोतं टाकून मी बसायची, कॅलिपर लांब पसरून. वेल्ड कापून घेतला होता, त्या जागी बोल्ट बसवले होते, म्हणजे चाक हवं तसं फिरवता येईल. ते सांगायचे, "पाव फेरा. न्हाई, परत घे. आता केसभर." मग म्हणायचे, "आता बस वर." मी डब्याची पिशवी अडकवून, पर्स लावून, रोज जाते तशी मोपेडवर बसायची, मालकीण दोरीचं एक टोक धरायची, मिस्त्री दुसरं. मग उतरायचं, पुन्हा पाना. एका दिवसात दहा-दहा वेळा. ग्रीस नखांत गेलं ते महिनाभर निघालं नाही. मला ते काढावंसंही वाटलं नाही.

दोरीनं चाकं अगदी समांतर आल्यावर मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "न्हाई. फरशीला झालं. रस्त्याला कुठं झालं?" पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डाव्या कडेकडे उतार असतो, तिकडून येताना आणि इकडून जातानाही आपण डाव्याच कडेला असतो, हे त्यांनी मला खडूनं फरशीवर काढून दाखवलं. मग तेवढ्या उतारापुरतं त्यांनी चाक किंचित उजवीकडे वळवायला लावलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझा बूटही काढायला सांगितला. मी काढला. घरच्यांशिवाय कोणासमोर मी तो कधी काढला नव्हता. त्यांनी तळ पाहिला, जुन्या टायरचा तुकडा पाचरीसारखा कापून घ्यायला सांगितला, कुठे चिकटवायचा तिथे पेन्सिलीची रेघ मारली. रेघ नागमोडी आली. "सरळ समज," म्हणाले.

आठव्या दिवशी मी एकटी बेलापूरला निघाले. गावाबाहेर आल्यावर मी हँडलवरची मूठ सैल केली. मोपेड सरळ जात होती. मी आणखी सैल केली. ती सरळच जात होती. दोन्ही बाजूंना ऊस होता, पुढे रस्ता रिकामा होता, आणि माझ्या उजव्या खांद्याला काहीही काम नव्हतं. मी मोठ्यानं रडत बेलापूरला पोचले. अण्णा ओट्यावर उभे होते. माझा चेहरा बघून घाबरले. मी म्हटलं, "काही नाही अण्णा, ती ओढत नाही आता." त्यांनी मोपेडच्या चाकांकडे बघितलं, मग आत जाऊन आईला चहा टाकायला सांगितलं. नोकरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे मशीनमध्ये व्हायरस शिरला म्हणून सरांनी त्यातलं सगळं पुसून पुन्हा भरलं. गेम राहिला, पण आमची गाडी गेली. वहीतले आकडे होते, मी म्हटलं, पुन्हा भरू. मिस्त्री म्हणाले, "असू दे. त्या गाडीत कुनी नव्हतं." एव्हाना त्यांचा आवाजही थरथरायला लागला होता. दुपारी ते यायचे, स्टुलावर बसायचे, मी मुलांचे पेपर तपासायची. कधी तास तास काही बोलणं नसे. तसं स्वस्थ कोणाशेजारी बसायला मला नंतर फारसं मिळालं नाही.

दीड वर्षानं मला सरकारी नोकरी लागली, जालन्याला. शेवटच्या दिवशी क्लासमध्ये पेढे वाटले. मालकिणीनं हातावर दही-साखर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. मिस्त्री स्टुलावरच बसून होते. मी मोपेड काढली तसे म्हणाले, "नाक्यापत्तुर येतो." मागे बसले. एवढ्या महिन्यांत माझ्या गाडीवर ते पहिल्यांदाच बसत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्यातला कंप मला मानेपर्यंत जाणवत होता. मी अगदी हळू चालवली, रस्ता संपू नये म्हणून.

नाक्यावर ते उतरले. मी म्हटलं, "परत सोडते तुम्हाला. चालत कसे जाल?"

"जाईन. तू हो पुढं. मला बगायचंय, कशी जाती ते."

"दिवाळीला येते," मी म्हटलं.

"ये."

मी निघाले. ते मागे रस्त्याच्या मधोमध उभे आहेत हे मला माहीत होतं. एकदा मान वळवून बघावं असं फार वाटलं. पण मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की गाडी हलते, आणि ते बघत होते. त्यांच्यासमोर ती जराही हलू नये म्हणून मी सरळ बघत राहिले, पार उसाआड जाईपर्यंत.

दिवाळीच्या आत ते गेले. मालकिणीचं पत्र शेजारच्या कोणी लिहून पाठवलं होतं, ते मला वीस दिवसांनी मिळालं. त्यात तिनं लिहायला सांगितलं होतं की त्या दिवशी ते नाक्यावरून अंधार पडल्यावर घरी आले. तिनं विचारलं, एवढा वेळ कुठे होता, तर म्हणाले, पोरगी सरळ गेली.

मी मान वळवायला हवी होती. गाडी थोडी हलली असती तरी चाललं असतं.